विंचू इंग्रजीत चावत नाही

गेल्या वर्षी भातकापणीच्या दिवसांतली गोष्ट. आमचं सरकारी रुग्णालय कोकणात आहे, त्यामुळे ऑक्टोबर उजाडला की साप आणि विंचू यांचे रुग्ण येणार हे गृहीतच असतं. रात्री साडेनऊच्या सुमारास आठ वर्षांच्या एका मुलीला तिचे वडील उचलून घेऊन आले. भाताचे भारे रचताना पायाला विंचू चावला होता. रात्रपाळीला एमडीच्या पहिल्या वर्षाचा निवासी डॉक्टर होता. मुलगा हुशार, पण विदर्भातून नुकताच आलेला. विंचवाचा रुग्ण त्यानं पुस्तकाबाहेर पाहिलेला नव्हता. त्यानं आजची पिढी करते तेच केलं. खिशातून फोन काढला आणि शोधलं.

फोनवर त्याला एका नामांकित परदेशी संस्थेचं पान मिळालं. पानात खोटं काही नव्हतं. विंचवाचं विष मज्जासंस्थेवर परिणाम करतं, डोळे गरागरा फिरतात, स्नायू उडतात, गिळायला त्रास होतो, अशी लक्षणं असली तर दंश गंभीर समजावा, असं त्यात लिहिलेलं होतं. मुलीचे डोळे स्थिर होते, स्नायू उडत नव्हते. त्यानं केसपेपरवर ‘सौम्य’ असं लिहिलं, वेदनाशामक दिलं आणि पुढच्या रुग्णाकडे वळला.

वॉर्डातल्या सिस्टर तिथे वीस वर्षं काम करताहेत. त्यांनी मुलीच्या पायाला हात लावला आणि म्हणाल्या, ‘‘डॉक्टर, हातपाय बघितलेत का? बर्फासारखे गार आहेत. आणि घाम बघा किती आलाय. प्राझोसिन काढू ना?’’

कोकणात आढळणाऱ्या लाल विंचवाचं विष मुख्यतः हृदयावर घाला घालतं. शरीरात अ‍ॅड्रिनॅलिनसारख्या रसायनांचा लोंढा सुटतो, रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून हातपाय गार पडतात, दरदरून घाम येतो, उलट्या होतात, नाडी धावते. वेळेवर उपचार झाले नाहीत तर हृदय थकतं आणि फुप्फुसांत पाणी भरतं. प्राझोसिन आकसलेल्या रक्तवाहिन्या सैल करतं. हे औषध विंचूदंशावर वापरण्याचं काम महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी केलं, ‘लॅन्सेट’सारख्या नियतकालिकात 1980 च्या दशकात ते प्रसिद्ध केलं आणि आपल्याकडचे कितीतरी जीव त्यामुळे वाचले. मग फोनवर सापडलेलं ते पान कुणाचं होतं? अ‍ॅरिझोनातल्या विंचवाचं. तो विंचूही विषारीच, पण जात वेगळी, विष वेगळं आणि लक्षणंही वेगळी.

मुलगी वाचली. मी पोचलो तोवर सिस्टरांनी औषध काढून ठेवलेलंच होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं वरणभात मागितला.

हा किस्सा सांगण्याचं कारण पुढे आहे. चारेक दिवसांनी हाच मुलगा प्रबंधाचा आराखडा घेऊन माझ्या खोलीत आला. त्या रात्रीचा धसका घेऊन त्यानं विषयही तोच निवडला होता, विंचूदंश आणि हृदय. मला बरं वाटलं. पण पहिल्याच परिच्छेदात वाक्य होतं : ‘या विषयावर आपल्या भागात आजवर कोणतंही संशोधन झालेलं नाही.’ वैद्यकीय प्रबंधांमध्ये हे वाक्य इतक्या वेळा येतं, की त्याचा रबरी शिक्का करून घेतला तरी चालेल.

‘‘कशावरून?’’ मी विचारलं.

‘‘सर, पबमेडवर शोधलं. शून्य रिझल्ट.’’

ज्यांचा या क्षेत्राशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगतो. पबमेड ही अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयानं चालवलेली शोधसूची आहे. जगभरातल्या वैद्यकीय आणि जीवशास्त्रीय नियतकालिकांतल्या साडेतीन कोटींहून अधिक लेखांच्या नोंदी तीत आहेत, आणि 1997 पासून ती कुणालाही फुकट पाहता येते. तुम्हालाही. अनेकांना वाटतं की सगळे लेखच तिथे ठेवलेले आहेत. तसं नाही. ती सूची आहे. लेखाचं नाव, लेखक, नियतकालिक आणि बहुतेक वेळा सारांश तिथे मिळतो. अख्खा लेख कधी फुकट मिळतो, कधी पैसे मोजून.

मी एमडी करत होतो तेव्हा हीच सूची छापील असायची. ‘इंडेक्स मेडिकस’ तिचं नाव, 1879 पासून निघत असलेली. दर महिन्याचा जाडजूड खंड, बारीक टाइप, विषयवार नोंदी. ग्रंथालयातल्या पंख्याखाली बसून बोट फिरवत एकेक नोंद वहीत उतरवायची. लेख आपल्या ग्रंथालयात नसला तर परदेशातल्या लेखकाला कार्ड पाठवायचं, ‘आपल्या लेखाची एक प्रत कृपया पाठवावी.’ दोन-अडीच महिन्यांनी पाकीट यायचं, त्यावरच्या तिकिटांसाठी ग्रंथपालांचा मुलगा टपून असायचा. त्या दिवसांचे गोडवे गाण्याचा माझा विचार नाही. अत्यंत कंटाळवाणं काम होतं ते आणि कितीतरी लेख कधी मिळालेच नाहीत. एक मात्र होतं, की कोणते खंड आपण पाहिले आणि कोणते राहिले हे समोरच्या फडताळावर दिसत असे. 1971 चा खंड बांधणीला गेलेला असेल तर तिथे भोक दिसायचं. पडद्यावरच्या शोधखिडकीत तसं भोक दिसत नाही. ती नुसतं शून्य दाखवते.

मी त्याला संगणक चालू करायला सांगितलं. त्यानं काय टाइप केलं होतं? अवतरणचिन्हांत ‘स्कॉर्पियन बाइट’ आणि पुढे आमच्या जिल्ह्याचं नाव. मला हसू आलं. मराठीत विंचू चावतो, म्हणून त्यानं त्याला इंग्रजीतही चावायला लावलं होतं. इंग्रजीत विंचू ‘स्टिंग’ करतो. पबमेडमध्ये प्रत्येक लेखाला ठरलेल्या शब्दसूचीतले विषयशब्द जोडलेले असतात, त्या सूचीतला अधिकृत शब्द ‘स्कॉर्पियन स्टिंग्ज’ असा आहे. तुम्ही साध्या शब्दांत शोधलं तर यंत्र पुष्कळदा तुमचा शब्द या अधिकृत शब्दाशी जुळवून घेतं. अवतरणचिन्हं टाकली की ही जुळवाजुळव थांबते आणि अक्षरशः तेवढाच शब्दसमूह शोधला जातो. त्यात जिल्ह्याचं नाव! संशोधकानं लेखात ‘महाड’ लिहिलं असेल, ‘कोकण’ लिहिलं असेल, ‘पश्चिम महाराष्ट्र’ किंवा नुसतं ‘भारत’ लिहिलं असेल. जिल्ह्याच्या नावानं शोधाल तर हे सगळे लेख हातचे जाणार.

पुढची गंमत म्हणजे विंचवाचं शास्त्रीय नावही एक राहिलेलं नाही. आपला हा लाल विंचू जुन्या लेखांत ‘ब्यूथस टॅम्युलस’ आहे, नंतरच्या लेखांत ‘मेसोब्यूथस टॅम्युलस’ आणि आता ‘हॉटेन्टोट्टा टॅम्युलस’. विंचू तोच, नावाची पाटी मात्र बदलत गेलेली. औषधांचंही तसंच. आपलं पॅरासिटामॉल अमेरिकेत अ‍ॅसिटामिनोफेन होतं, सॅल्ब्युटामॉलचं अल्ब्युटेरॉल, अ‍ॅड्रिनॅलिनचं एपिनेफ्रिन. आपण ‘अ‍ॅनिमिया’ ब्रिटिश पद्धतीनं एक अक्षर जास्त घालून लिहितो, अमेरिकन ते गाळतात. चांगली सूची यातलं बरंच सांभाळून घेते, सगळं नाही.

सगळी नावं ‘किंवा’नं जोडून, जिल्हा काढून टाकून आम्ही पुन्हा शोधलं. पाहता पाहता पडदा भरला. पोरगा खुर्चीत जरा मागे सरकला.

मग मी त्याला 2001 सालची बाल्टिमोरची गोष्ट सांगितली. ‘सापडलं नाही’ या दोन शब्दांची किंमत काय असू शकते, याचं याहून कडू उदाहरण मला माहीत नाही. जॉन्स हॉपकिन्स हे अमेरिकेतलं अग्रगण्य विद्यापीठ. तिथे दम्याविषयीचा एक प्रयोग चालू होता. दम्याच्या रुग्णाच्या श्वासनलिका आकसतात, निरोगी माणसाच्या का आकसत नाहीत, हे शोधायचं होतं. त्यासाठी निरोगी स्वयंसेवकांना हेक्झामेथोनियम नावाचं रसायन श्वासावाटे द्यायचं ठरलं. हे 1950 च्या दशकात रक्तदाबावर वापरलं जाणारं औषध, पुढे वापरातून गेलेलं. प्रयोग करणाऱ्या डॉक्टरांनी ते सुरक्षित आहे का हे आधी शोधलं होतं. पबमेडवर शोधलं, इतरत्रही पाहिलं. फुप्फुसांना धोका असल्याचं ठळकपणे काही मिळालं नाही. 4 मे रोजी त्या प्रयोगशाळेतल्याच 24 वर्षांच्या तंत्रज्ञ तरुणीनं स्वयंसेवक म्हणून ते हुंगलं. तिला खोकला सुरू झाला, काही दिवसांत श्वास घेणं कठीण झालं, ती रुग्णालयात दाखल झाली आणि 2 जूनला गेली. धडधाकट मुलगी.

त्या वेळी पबमेडवरच्या नोंदी 1966 पासून सुरू होत होत्या. औषध वापरात होतं 1950 च्या दशकात, आणि त्यानं काही रुग्णांच्या फुप्फुसांना इजा झाल्याचे लेख त्याच काळातले होते. छापील सूचीच्या जुन्या खंडांत त्यांच्या नोंदी होत्या, फडताळावर. जुलैमध्ये अमेरिकी सरकारनं त्या संस्थेतलं सरकारी पैशावर चालणारं जवळजवळ सगळं मानवी संशोधन काही दिवस थांबवलं होतं. न्यायानं सांगायचं तर चूक फक्त शोधण्याचीच नव्हती. पहिल्या स्वयंसेवकालाही खोकला आला होता, तरी प्रयोग पुढे चालू राहिला. संमतीपत्रातही त्रुटी होत्या. पण त्या शोधखिडकीनं ‘मी 1966 च्या मागे पाहिलेलं नाही’ असं सांगितलं असतं तर? तसं कुठलीच खिडकी सांगत नाही, आपणच विचारावं लागतं.

आता पबमेडच्या नोंदी 1940 च्या दशकापर्यंत मागे गेल्या आहेत. तरी जुन्या नोंदींना बहुधा सारांश नसतो, त्यामुळे शब्द जुळला तर तो शीर्षकाशी किंवा विषयशब्दांशीच जुळतो. 1961 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये पी. एम. मुंडले यांनी विंचूदंशावर लिहिलेलं आहे. शीर्षक साधं आहे, ‘स्कॉर्पियन स्टिंग्ज’. त्यात ‘हृदय’ हा शब्द टाकून शोधाल तर ते निसटू शकतं. त्या जर्नलचे जुने अंक आता पानापानाची छायाचित्रं घेऊन फुकट ठेवलेले आहेत, म्हणजे लेख घरबसल्या वाचता येतो. फक्त तो आहे हे कळायला हवं.

शोधणं एवढ्यावर संपत नाही. खरं दुखणं पुढेच आहे. सापडलेलं आपण वाचतो का?

इथे मला 1980 सालच्या एका पत्राची आठवण होते. अमेरिकेतल्या न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये जेमतेम पाच वाक्यांचं पत्र छापून आलं होतं. रुग्णालयात दाखल असताना अफूवर्गीय वेदनाशामक मिळालेल्या 11,882 रुग्णांपैकी, ज्यांना आधी व्यसन नव्हतं अशा फक्त चौघांना व्यसन लागल्याचं आढळलं, एवढंच त्यात होतं. रुग्णालयातले रुग्ण, डॉक्टरांच्या नजरेखाली दिलेलं औषध. पुढे या पत्राचा हवाला लोक देत राहिले, की ‘ही औषधं दीर्घकाळ दिली तरी व्यसन क्वचितच लागतं’. 2017 मध्ये त्याच जर्नलमध्ये कुणीतरी हिशेब मांडला. पत्राचा संदर्भ 608 वेळा दिला गेला होता, आणि त्यातल्या 80 टक्क्यांहून अधिक लेखकांनी ते रुग्ण रुग्णालयात दाखल होते हे सांगितलंच नव्हतं. पाच वाक्यं! ती वाचायला दोन मिनिटं लागली नसती. अमेरिकेत त्या गोळ्यांच्या व्यसनानं काय हाहाकार माजवला ते आपण जाणतोच. एकानं दुसऱ्याच्या संदर्भयादीतून उचललं, तिसऱ्यानं दुसऱ्याच्या. नेटवर हे उचलणं आणखी सोपं झालंय, कारण आता हातानं लिहूनही काढावं लागत नाही.

वाचलेलं टिकतं का, हा आणखी एक भाग. करोनाच्या पहिल्या लाटेत, 22 मे 2020 रोजी ‘लॅन्सेट’मध्ये हायड्रॉक्सिक्लोरोक्विनवर एक मोठा लेख आला. 671 रुग्णालयं, 96 हजार रुग्ण, औषधानं मृत्यू वाढतात असा निष्कर्ष. तीन दिवसांत जागतिक आरोग्य संघटनेनं त्या औषधाची आपली चाचणी थांबवली. आकडेवारी एका खासगी कंपनीची होती आणि ती कुणालाच तपासायला मिळेना. 4 जूनला लेख मागे घेतला गेला. म्हणजे तेरा दिवसांचं आयुष्य. (पुढे नीट केलेल्या चाचण्यांत त्या औषधाचा उपयोग दिसला नाही, ही गोष्ट वेगळी. चुकीच्या कागदावर बरोबर उत्तर आलं तरी आपण गुण देत नाही.) पबमेडवर अशा लेखाच्या नोंदीवर तो मागे घेतल्याची ठळक सूचना असते. पण ज्यानं 25 मे रोजी त्याची पीडीएफ उतरवून ठेवली, त्याच्या फोल्डरमध्ये ती सूचना कोण चिकटवणार? म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगतो, प्रबंध छापायला देण्याच्या आदल्या आठवड्यात एकेक संदर्भ पुन्हा उघडून पाहा. ते कुरकुरतात.

आमच्या या मुलाच्या यादीत वेगळंच निघालं. छत्तीस संदर्भांपैकी तीन मला सापडेनात. एक तर फारच मोहक होता : कोकणातली लहान मुलं, विंचूदंश, हृदयाची सोनोग्राफी. लेखक ओळखीचे, नियतकालिक खरं, वर्ष पटण्यासारखं. त्या वर्षाचा तो अंक उघडला तर त्या पानावर भलताच लेख. हल्लीच्या बहुतेक लेखांना डीओआय नावाचा कायमचा क्रमांक असतो, तो टाकून पाहिला, तोही कुठे पोचेना. मी नुसतं त्याच्याकडे पाहिलं. मान खाली घालून म्हणाला, ‘‘सर, ते एआयनं दिलं.’’ चॅटबॉटला त्यानं संदर्भ मागितले होते आणि त्यानं कामसूपणे रचून दिले होते. रागावलो मी, खोटं कशाला सांगू. कारण तो लेख खरा असता तर मलाही हवाच होता.

त्याला मेलवर आणखी एक आमंत्रण आलेलं होतं. ‘आदरणीय प्राध्यापक’ असं संबोधून (पहिल्या वर्षाचा निवासी!) आठ दिवसांत लेख छापून देण्याची हमी, शुल्क अमुक डॉलर. पदोन्नतीसाठी आणि पदवीसाठी लेख हवेतच असा नियम झाला, तेव्हापासून ही दुकानं फोफावली. 2013 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकाच्या एका पत्रकारानं मुद्दाम ढोबळ चुका भरलेला बनावट लेख अशा खुल्या नियतकालिकांना पाठवला. 304 ठिकाणी पाठवला, 157 ठिकाणी स्वीकारला गेला. हे सगळं साहित्य गूगलच्या शोधात चांगल्या लेखांच्या शेजारीच मांडीला मांडी लावून बसलेलं असतं. म्हणून लेख कुठे छापलाय आणि ते नियतकालिक मान्यताप्राप्त सूचीत आहे का, हे बघावं लागतं. माझ्याच पिढीतल्या काहींच्या नावावर असे लेख आहेत, तेव्हा पोरांना किती बोलणार?

पैशांचं मात्र थोडं सुधारलंय. एकेक लेख उघडायला तीस-चाळीस डॉलर मागतात, सरकारी महाविद्यालयातल्या मुलानं ते कुठून आणायचे? नोव्हेंबर 2024 मध्ये केंद्रानं ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी 6 हजार कोटी रुपये, तीस प्रकाशक, सुमारे 13 हजार नियतकालिकं आणि सरकारी उच्च शिक्षणसंस्थांतल्या विद्यार्थ्यांना ती खुली. आपल्या संस्थेचं खातं चालू आहे का, हे ग्रंथपालांना जाऊन विचारा. मुलं ग्रंथालयात जातच नाहीत, वाचनकक्षात एसी असेल तेवढंच. आणि काहीच जमलं नाही तर लेखकाला दोन ओळींची मेल करावी. कार्ड पाठवायचो तेव्हा दोन महिने लागायचे. आता कधी कधी रात्री मेल करावी आणि सकाळी लेख हजर.

रुग्णांचे नातेवाईक मला फोनवर काहीबाही दाखवतात, तेव्हा मी चिडत नाही, निदान पूर्वीइतका नाही. त्यांना मी दोनच गोष्टी विचारतो. हे कुठल्या देशातल्या माणसांवर पाहिलंय? आणि तुम्ही सगळं वाचलंत की वरच्या चार ओळी? एकदा एका आजोबांनी मला मधुमेहाचा अख्खा लेख आणून दाखवला, त्यातल्या तक्त्यांवर पेन्सिलीनं खुणा केलेल्या. त्यांचा प्रश्न रास्त होता आणि उत्तर द्यायला मला घरी जाऊन वाचावं लागलं.

मुलाचा आराखडा शेवटी मंजूर झाला. शिक्क्याचं ते वाक्य गेलं. आता प्रस्तावना 1961 पासून सुरू होते, मग महाड, मग 2011 ची बीएमजेमधली बावस्करांचीच चाचणी, ज्यात प्राझोसिनसोबत विंचवावरची प्रतिविषाची लस दिली तर रुग्ण लवकर सावरतात असं दिसलं. अ‍ॅरिझोनाही आहे, पण वेगळ्या परिच्छेदात, विंचवाच्या जातीच्या नावासकट. कोणत्या दिवशी, कुठल्या सूचीत, कोणते शब्द टाकून शोधलं याचं एक पान त्यानं परिशिष्टात जोडलंय.

परवा तो पुन्हा आला. एका जुन्या भारतीय नियतकालिकाचा 1950 च्या दशकातला खंड त्याला हवाय, नेटवर कुठेच नाही. आमच्या ग्रंथपालांनी नोंदवही काढून पाहिली. खंड आहे, पण तळघरातल्या कपाटात, आणि त्या कपाटाची किल्ली कुणाकडे आहे ते विचारायचं चाललंय.